पाय जागाच होता

आमच्या गावात माझ्या कामाबद्दल एकच समजूत आहे: ही माणसांना झोपवते. गावी गेले की कुणीतरी हमखास म्हणतं, आमच्या म्हाताऱ्यालाबी एक डोस दे की, लई बडबडतंय. मी हसते. भूल देणारी डॉक्टर काय करते हे समजावण्यात सुरुवातीला मी पुष्कळ शब्द खर्च केले, आता करत नाही. खरं तर झोपवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग माणूस उठल्यावर सुरू होतो, त्यातही ते माणूस लहान असलं तर.

शस्त्रक्रियेनंतर मूल जागं होतं तेव्हा खोली अनोळखी असते, हाताला सलाइनची सुई असते आणि जिथे चिरलं तिथे आग पडलेली असते. मोठ्या माणसाला कारण ठाऊक असतं. मुलाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून ही शिक्षा. म्हणून कमरेखालचं ऑपरेशन असेल तर मूल पूर्ण झोपेत असतानाच माकडहाडाजवळ बारीक सुईने औषध सोडतात. त्याने पाय काही तास बधिर राहतात. मूल जागं होतं, आईला बघतं, पाणी मागतं, आणि पाय मात्र अजून झोपलेलाच असतो. तो जागा व्हायच्या आत दुखण्याचं दुसरं औषध सुरू करायचं. मग दुखणं येतं, पण दार मोडून येत नाही.

शिकत असताना मी पहिल्यांदा असं औषध दिलेलं मूल उठून शांतपणे बिस्किट मागायला लागलं, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले होते. जेऊरच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलीच्या हातून एवढी मोठी गोष्ट झाली, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्या शाळेत मी गेले, कारण माझी आक्का शेळ्यांमागे गेली. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, आक्का तर नाहीच. सातवीनंतर ती थांबली, मी थांबले नाही. मेडिकलला माझा नंबर लागला तेव्हा पेढे तिने वाटले, आमच्या गावात आणि तिच्या सासरच्या गावातसुद्धा. घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी सुट्टीला आले की वडील शेजाऱ्यांना बोलवून आणायचे आणि मला काहीतरी इंग्रजीत वाचायला लावायचे. औषधाच्या बाटलीवरचा कागद चालायचा.

आमच्या घरात एक रीत होती. साहेबाला नाही म्हणायचं नाही. जनावरांचा डॉक्टर यायचा, आजारी शेळी वेगळी बांधा म्हणून बजावायचा. वडील हात जोडून म्हणायचे, व्हय साहेब. त्याची मोटरसायकल बांधावरून वळली की शेळी परत कळपात. तलाठी, मास्तर, बँकेचा माणूस, सगळ्यांना तेच. यात खोटेपणा आहे असं कुणाला वाटत नसे. साहेब शिकलेला, त्याच्याशी वाद कोण घालणार? त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला चहा पाजायचा, आणि आपल्या घरात आपल्याला करायचं ते करायचं. गाडी दिसेनाशी झाली की वडील आमच्याकडे बघून डोळा मारायचे. आक्का आणि मी ओढणी तोंडात कोंबून हसायचो.

आक्काच्या मुलीची दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली. तान्हेपणी प्लास्टर झाली, नंतर खास बूट झाले. बुटांचा कंटाळा आला, ते सुटले आणि पावलं परत वळली. सात वर्षांची झाली तरी ती पावलाच्या कडेवर चालायची. चालायची म्हणजे पळायची. चुकार करडू हुडकून आणायला घरात तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. पण त्या कडेला घट्टे पडले, पायातून रक्त येऊ लागलं, तेव्हा ऑपरेशन करायचं ठरलं. आधी उजवा पाय, मग काही महिन्यांनी डावा.

ऑपरेशन सोलापुरात, माझ्या सरांच्या दवाखान्यात. सर हाडांचे सर्जन आहेत. मी इथे काम सुरू केलं तेव्हा नवख्या बाईला भूल द्यायला कुणी बोलवत नव्हतं. सरांनी बोलावलं. इतर डॉक्टरांना सांगितलं, खेड्यातली पोरगी आहे, पण हात चांगला आहे. दिवाळीचा पहिला डबा मी आजवर त्यांच्याच घरी नेत आले. त्यामुळे भाचीचं ऑपरेशन सर करणार आणि भूल मी देणार, यापेक्षा चांगलं काही होऊ शकेल असं मला वाटलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात जाऊन सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. आक्का होती, दाजी होते, आक्काची सासू होती. पूर्ण भूल कशी देणार, त्यानंतर माकडहाडाजवळ औषध कसं देणार, ते का द्यायचं, त्याने काय होतं, काय होत नाही. हाड कापायचं होतं. ते दुखणं साधं नसतं, हेही सांगितलं. दाजी म्हणाले, डाक्टरसाहेब म्हनतील तसं. थट्टेत ते मला नेहमी डाक्टरसाहेबच म्हणतात. सासूबाई वर पंख्याकडे बघत होत्या. आक्का म्हणाली, "व्हय. तुला कळतंय की. तू हाईस म्हंजे झालं."

भाची खाटेवर बसून डब्यातली शेंगाचटणी बोटाने चाटत होती.

"मावशी, उठल्यावर लई दुखंल?"

मी सांगितलं, तू उठशील, पण तुझा पाय झोपलेलाच राहील.

"घोरतोय का त्यो?"

"उठलीस की तूच ऐक."

"आन त्यो उठल्यावर?"

त्याच्या आधी मी दुसरं औषध देणार, मी इथेच बसणार, असं मी म्हणाले. तिने बोट पुसलं आणि शपथ घ्यायला सांगितली. मी म्हटलं, आईशप्पत.

"तुझ्या आयची नगं, ती म्हातारी हाय. माझ्या आयची घी."

मग मी आक्काची शपथ घेतली. आक्का शेजारीच उभी होती. तिने हसून मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची स्वतःच्या पायाने, कडेवर चालत, थिएटरमध्ये आली. नाकावर मास्क ठेवला तेव्हा म्हणाली, ह्याला प्लास्टिकचा वास येतोय, आणि झोपली. श्वासाची नळी, सलाइन, सगळं नीट झालं. मी तिला कुशीवर वळवलं, पाठ धुऊन घेतली, हातमोजे घातले आणि माकडहाडाजवळची जागा बोटाने चाचपली. मुलांमध्ये ती जागा स्पष्ट लागते. माझं बोट तिथे टेकलेलं असताना सर म्हणाले, "पाठीत नको देऊस. राहू दे."

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी विचारलं, का सर?

"घरच्यांना नको आहे. तुझ्या बहिणीनेच सांगितलं काल. मी हो म्हणून टाकलं."

नर्स हातातल्या ट्रेकडे बघत राहिली. मी विचारलं, काल कधी? सर म्हणाले, सकाळी, राउंडच्या वेळेला.

काल सकाळी. म्हणजे मी दुपारी वॉर्डात उभी राहून समजावत होते, त्याच्या आधी. शपथ घेतली, त्याच्या आधी. आक्का हसली, त्याच्या आधी.

झोपलेलं मूल टेबलावर सोडून भूल देणारी डॉक्टर दाराबाहेर जाऊ शकत नाही. मी नर्सला पाठवलं. ती लगेच परत आली. ही आमची नर्स घरी तेलुगू बोलते आणि मराठी फार जपून, ती हळूच म्हणाली, "मॅडम, ते नकोच म्हणतेत. मॅडमना राग येऊ देऊ नका म्हणून सांगा, म्हणाले."

आईबाप नको म्हणत असतील तर मी देऊ शकत नाही. ते बरोबरच आहे, आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण सुई पाठीतच द्यायला हवी होती असं नव्हतं. गुडघ्याच्या मागे पावलाकडे जाणारी नस असते. सोनोग्राफीच्या छोट्या यंत्रावर ती बघून तिच्याभोवती औषध सोडलं तरी पाऊल झोपतं, पाठीला हातही लागत नाही. ते यंत्र माझ्याकडे आहे. त्या दिवशी ते घरी होतं, कारण आदल्या दुपारी सगळ्यांनी मला व्हय म्हटलं होतं. "पाठ नको" एवढे दोन शब्द कुणी बोललं असतं, तर मी ते गाडीत घालून आणलं असतं.

मी सरांना विनंती केली, निदान जखमेच्या कडेने बधिर करायचं औषध टोचा. त्यांनी टोचलं. सलाइनमधून जे देता येतं ते मी दिलं. पण कापलेल्या हाडाला ते पुरत नाही, हे मला ठाऊक होतं. ऑपरेशन चांगलं झालं. सरांचा हात उत्तमच आहे. पाऊल सरळ झालेलं मी पाहिलं, त्यावर प्लास्टर चढलं. आणि मग मला तिला उठवावं लागलं.

तिने आधी डोळे उघडले, मग तोंड. रडण्याच्या आत एक क्षण असा होता की ती माझ्याकडे बघून ऐकत होती. पाय घोरतोय का, ते ऐकत होती. मग ती म्हणाली, "मावशी, पाय जागाच हाय."

त्यानंतर ती ओरडली. शेजारच्या गल्लीत यंत्रमागाची शेड आहे, दिवसभर खटखट चालू असते. त्या खटखटीवरूनही तिचा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असणार. मी जोरदार औषध थोडं थोडं करून देत राहिले. ते भरपूर दिलं तर मुलाचा श्वास मंदावतो, म्हणून घाई करता येत नाही. खुर्ची ओढून मी तिच्या उशाशी बसले, बसणार म्हटलं होतं म्हणून. तिने माझा हात झटकला आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या बाजूला आक्का बसली होती. तिला मात्र भाचीने हात धरू दिला. दुपारभर आम्ही दोघी बहिणी एका खाटेच्या दोन बाजूंना होतो, आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

सर राउंडला आले. प्लास्टरबाहेरची बोटं गरम आहेत ना, पाहिलं आणि म्हणाले, "पोरं रडतातच. विसरून जाईल."

मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. तुम्ही मला आदल्या दिवशी का नाही सांगितलंत, असं विचारलं. मी सरांना असा प्रश्न आधी कधी केला नव्हता. त्यांना आश्चर्य वाटलं, राग आला नाही. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी वाद घालत बसली असतीस. नातेवाईक मंडळी, उगाच गोंधळ. पेशंट माझा आहे ना?" आणि माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या खाटेकडे गेले. नवीन असताना पहिली अवघड केस पार पडल्यावर त्यांनी असंच थोपटलं होतं. तेव्हा मला ते आशीर्वादासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओरडणं कमी झालं, कण्हणं राहिलं. दुपारी आक्का गच्चीवरच्या नळाखाली डबे घासत होती. मी तिथे गेले. कापडं वाळत होती, ऊन रणरणत होतं. मी विचारलं, तू मला व्हय का म्हणालीस?

ती घासतच राहिली. मग तिने सांगितलं. ही मुलगी झाली तेव्हा सीझरला तिच्या पाठीत सुई दिली होती. तेव्हापासून वैरणीचा भारा उचलला की पाठीतून कळ येते. गावातल्या सगळ्या बायकांचं तेच. सासू म्हणाली, पोरीचं पाय तर वाकडं हायतच, आता पाठबी घालवता का?

मी म्हटलं, भारे उचलून दुखते पाठ. बाळंतपणाने दुखते. सुईने दुखत नाही. मला एकदा विचारायचं होतंस.

"हेच की," आक्का म्हणाली. "हेच. तू आसं समजावून सांगितलं आसतं, आन मी पुन्ना व्हय म्हनले आसते."

"मग नाही म्हणायचं. तोंडावर."

"तुला?" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुला कोन न्हाय म्हनतंय आमच्यात? आप्पा म्हनत्यात का?"

माझ्या डोळ्यांसमोर वडील आले, हात जोडून उभे, मागच्या सुट्टीत मी त्यांना मीठ कमी खा म्हणाले तेव्हाचे. व्हय, म्हणाले होते. मी वळल्यावर त्यांनी कुणाकडे बघून डोळा मारला असेल? आणि कुणी ओढणी तोंडात कोंबली असेल? बांधावरून वळलेल्या त्या मोटरसायकलवर आता मी बसले होते, आणि हे मला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तिने शपथ घ्यायला लावली मला," मी म्हणाले. "तुझी शपथ. तू उभी होतीस."

आक्काने डबा उपडा ठेवला. "मला वाटलं थोडं दुखंल," ती म्हणाली. "पोरगी रडंल आन ऱ्हाईल. एवढं आसतंय हे मला काय म्हाईत?"

मी तिला ते सांगितलं होतं. हाड कापायचं आहे, साधं दुखणं नाही, हे मी सांगितलं होतं. पण साहेबाचं सगळंच बोलणं कुणी ऐकतं का? मीही लहानपणी ऐकलेलं नाही. फक्त गाडी कधी जाते याकडे लक्ष असायचं.

भाची घरी गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. नंतर फोनवर आक्का तिला म्हणायची, मावशीशी बोल, आणि मागून आवाज यायचा, नगं. सर म्हणाले तसं ती बाकी पुष्कळ विसरली. नर्सने दिलेला फुगा, शेजारच्या खाटेवरची म्हातारी, मास्कचा वास. ती शपथ मात्र विसरली नाही. मी सरांच्या दवाखान्यात जात राहिले, अजूनही जाते. पण दिवाळीत डबा नेला तेव्हा मी दारातूनच परत फिरले.

थंडी संपता संपता डाव्या पायाची वेळ आली. भूल दुसऱ्या कुणी द्यावी असं मी सुचवलं. आक्का म्हणाली, नको, तूच. मग मी एक अट घातली. सर, आक्का, दाजी, सासूबाई, सगळे एका खोलीत, आणि जे काय असेल ते माझ्यासमोर बोलायचं. सरांना हे पोरकट वाटलं, पण ते आले. मी विचारलं. दाजी जमिनीकडे बघत राहिले. सासूबाई पंख्याकडे. आक्काच्या कपाळावर घाम आला होता. घरातला आवाज नव्हे, शाळेत बाईंनी उभं केल्यावर निघतो तसल्या आवाजात ती म्हणाली, "पाठीत नगं. न्हाय द्यायचं."

माझ्या तोंडावर म्हटलेलं आमच्या घरातलं ते पहिलं 'नाही' होतं. मी म्हटलं, बरं, गुडघ्याच्या मागे देते. आणि यंत्र आणलं.

पडद्यावर नस पहिल्याच नजरेत दिसली. औषध तिच्याभोवती पसरताना दिसलं. ऑपरेशनभर भाचीच्या नाडीचा ठोका जराही चढला नाही. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, उजव्या पायाच्या वेळी होऊ शकलं असतं अगदी तसंच.

ती जागी झाली तेव्हा दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. रडली नाही. पाणी मागितलं नाही. दोन्ही हातांनी डाव्या गुडघ्यावरची चादर धरून ती पडून राहिली आणि पायाकडे बघत राहिली. मी विचारलं, दुखतंय का? तिने मान हलवली, नाही. झोप येतेय का? नाही. मी प्लास्टरबाहेरच्या बोटाला हात लावला, तिला कळलं नाही. पाय गाढ झोपला होता. पण तिची मूठ सैल होईना, डोळे मिटेनात. ती वाट बघत होती.

"कवा उठनार हाय त्यो?" तिने विचारलं. तेवढ्या महिन्यांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी म्हटलं, संध्याकाळी. त्याच्या आत मी औषध देणार. मी इथेच आहे.

तिने माझ्यावरून नजर उचलली आणि माझ्या पलीकडे आक्काकडे बघितलं. "आय, खरं हाय का?"

आक्का माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "व्हय."

ते कुठलं व्हय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मुलीलाही ते कळलं नसावं. संध्याकाळी औषध वेळेवर सुरू केलं, आणि पाय जागा होईपर्यंत तिने चादर सोडली नाही.